एका वहीत दहा लाख स्फटिक



माती परीक्षणाचे कागद एका कपाटात, उसाची जात नोंदणीच्या रजिस्टरात, आणि तोडीआधी घेतलेला ब्रिक्स शेतकी खात्याच्या तिसऱ्याच वहीत. तिन्ही नोंदी खऱ्या, पण त्यांची एकमेकींशी गाठ नाही. कोणत्या रानात कोणती जात लवकर पिकते, असे विचारले तर सांगणार कोण?

रसायनशास्त्रातही हेच दुखणे होते. स्फटिकात अणू कसे बसले आहेत हे क्ष-किरणांनी कळते, पण ती माहिती जगभरच्या मासिकांत विखुरलेली. 1965 साली केंब्रिजमध्ये ओल्गा केनार्ड या विदुषींनी ती तपासून एके ठिकाणी लावायला घेतली. 2019 साली या संग्रहात दहा लाख रचना भरल्या. आपल्या साखरेचा स्फटिकही त्यात आहे, बरे का! नवे औषध शोधणारे आज हा संग्रह चाळतात.

खरी मेख आहे ती नोंदीच्या नमुन्यात. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने 1991 साली सर्वांसाठी एकच नमुना प्रसिद्ध केला. कोणता आकडा, कोणत्या नावाने, कोणत्या एककात, हे त्यात ठरलेले. ते ठरल्याशिवाय संगणक आणला तर गोंधळच भराभर होतो.

आपल्याकडे सुरुवात गट नंबरापासून करावी असे आम्हांस वाटते. मातीच्या पिशवीवर, लागण नोंदीत, ब्रिक्सच्या वहीत, सगळीकडे तोच नंबर. तेव्हा ऊस नोंदवायला येताना सातबारा बरोबर आणावा. अंदाजाने नंबर सांगू नये.