दिलेला शब्द : अमेरिकेचे आरंभीचे साहित्य कसे वाचावे



इंग्रजीच्या तासाला अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातले उतारे आले, की नेपियर टाउनमधल्या आमच्या अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, अडीचशे वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडे काय झालं, ते आम्ही जबलपुरात बसून का वाचायचं?" प्रश्न रास्त आहे. 'परीक्षेत येतं म्हणून' हे त्याचे उत्तर नव्हे. खरे उत्तर चार पायऱ्यांनी मिळते. वही उघडा आणि बरोबर चला.

पहिली पायरी : तारखा शेजारी शेजारी मांडा

पानावर उभी रेघ ओढा. डावीकडे अमेरिका, उजवीकडे आपण.

मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. एप्रिल १७७५ मध्ये अमेरिकेत लेक्झिंग्टन येथे पहिल्या गोळ्या झडल्या. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन याने शस्त्रे खाली ठेवली. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर चालून येणारी मुंबईकर इंग्रजांची फौज मराठ्यांनी वडगावला कोंडली आणि तिला तह करणे भाग पाडले. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला. त्याच १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपून आपला हा जबलपूरचा मुलूख सागरच्या मराठ्यांकडे आला. मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, सप्टेंबर १७८३ मध्ये पॅरिसचा.

म्हणजे एकच सत्ता एकाच वेळी दोन खंडांत लढत होती. फ्रान्सने १७७८ साली अमेरिकेशी उघड मैत्री केली. त्याच सुमारास सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणिसांच्या भेटीगाठी घेत होता, आणि त्यामुळे कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली होती. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस पुढे १७८६ मध्ये हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि १८०५ मध्ये गाझीपूरला वारला. त्याची कबर आजही तिथे आहे. आता सांगा, हा इतिहास फार लांबचा आहे का?

दुसरी पायरी : कागद कोणी, कोणासाठी, कोणत्या घडीला लिहिला?

या काळातले अमेरिकन साहित्य म्हणजे बरेचसे पत्रके, जाहीरनामे, पत्रे आणि भाषणे. ती निवांत बसून वाचण्यासाठी लिहिलेली नव्हती. ऐकणाऱ्याने उठून काही करावे, म्हणून लिहिलेली होती.

टॉमस पेनचे उदाहरण घ्या. हा मूळचा इंग्लंडचा. बापाचा धंदा बायकांच्या घट्ट काचोळ्या शिवण्याचा, आणि तोच याने शिकलेला. पुढे जकात खात्यातली नोकरी गेली, आणि १७७४ च्या अखेरीस तो फिलाडेल्फियाला उतरला. जानेवारी १७७६ मध्ये त्याने 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका काढली आणि राजाशी नाते तोडा, असे साध्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगितले. त्याच वर्षाच्या अखेरीस वॉशिंग्टनची फौज न्यूयॉर्क गमावून माघार घेत होती. पेन त्या फौजेबरोबर चालत होता. सैनिकांकडे धड कपडे नव्हते, आणि पुष्कळांची भरतीची मुदत ३१ डिसेंबरला संपत होती. अशा वेळी, १९ डिसेंबरला, त्याच्या 'अमेरिकन क्रायसिस' या लेखमालेतला पहिला लेख छापून आला. सोयीच्या दिवसांत सोबत करणारे अडचणीत पाठ फिरवतात, हा त्यातला मुद्दा. तो सैनिकांना वाचून दाखवला गेला, असे सांगतात. २५ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणारी डेलावेअर नदी होड्यांतून ओलांडून वॉशिंग्टनने दुसऱ्या सकाळी ट्रेंटन जिंकले.

लेखाने लढाई जिंकली असे मी म्हणत नाही. होड्या, दारूगोळा आणि हिंमत लागलीच. पण पाय का उचलायचा, हे सैनिकाला कळावे लागते. ते काम शब्दांनी केले.

तिसरी पायरी : शब्द आणि वागणूक ताडून पाहा

४ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. ९ जुलैला वॉशिंग्टनच्या हुकमाने तो न्यूयॉर्कमध्ये सैन्याला रांगेत उभे करून वाचून दाखवला. त्या संध्याकाळी लोकांनी राजा तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा पाडला. पुढे त्या शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या.

सगळी माणसे जन्माने समान आहेत, हा त्या जाहीरनाम्याचा गाभा. तो लिहिणाऱ्या टॉमस जेफरसनच्या मळ्यात मात्र गुलाम राबत होते. त्याच्या मूळ मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजावर ठेवणारा एक परिच्छेद होता. सभेने तोही गाळला.

याच काळात बॉस्टनला फिलिस व्हीटली नावाची तरुणी कविता लिहीत होती. सात-आठ वर्षांची असताना, १७६१ साली, तिला आफ्रिकेतून आणून विकले होते. 'फिलिस' हे नाव ज्या जहाजातून ती आली त्या जहाजाचे, आणि 'व्हीटली' हे मालकाचे. तिचे पुस्तक १७७३ मध्ये लंडनला छापले गेले. त्याआधी या कविता तिच्याच आहेत, असे बॉस्टनच्या प्रतिष्ठित मंडळींना सहीनिशी सांगावे लागले, कारण गुलाम मुलगी असे लिहू शकते यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते. तिने वॉशिंग्टनवरही कविता लिहून त्यांना पाठवली आणि त्यांनी आदराने उत्तर दिले. तरी ती १७८४ मध्ये गरिबीतच वारली.

इथे वर्गात दोन तट पडतात. एक म्हणतो, "मग तो जाहीरनामा ढोंगी होता, वाचायचाच कशाला?" दुसरा म्हणतो, "तेव्हाची रीतच तशी होती, सोडून द्या." दोघेही घाई करतात. लिहिणाऱ्याची चूक झाकू नका, आणि चुकीपायी शब्दही फेकू नका. दिलेला शब्द कागदावर राहतो, आणि ज्याला तो नाकारला तो एक दिवस येऊन मागतो. अमेरिकेत तो मागायला जवळजवळ नव्वद वर्षे आणि एक भीषण यादवी युद्ध लागले. डिसेंबर १८६५ मध्ये राज्यघटनेतल्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली.

चौथी पायरी : तो शब्द आपल्याकडे कोणी वाचला?

पेनने १७९१-९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' हे पुस्तक लिहिले. ते फिरत फिरत पुण्यात पोचले. १८४७ च्या सुमारास विशीतल्या एका तरुणाने ते वाचले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला, लहुजी वस्ताद साळव्यांच्या आखाड्यात दांडपट्टा शिकलेला हा तरुण म्हणजे जोतीराव फुले. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये त्यांचे 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून ते उलगडत जाते. हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली.

पाहा, फुल्यांनी काय केले. अमेरिकेचे कौतुक करून ते थांबले नाहीत. परक्या देशाचा कागद वाचला आणि पहिला प्रश्न आपल्या घराला विचारला. वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर हेच. दुसऱ्यांचा इतिहास वाचायचा तो त्यांना गुण देण्यासाठी किंवा नावे ठेवण्यासाठी नव्हे. त्यांनी दिलेला शब्द वाचताना आपण दिलेला शब्द आठवावा, यासाठी. आपल्याही राज्यघटनेच्या उद्देशिकेत समतेचा शब्द दिलेला आहे. तुमच्यापैकी काही जण उद्या तिरंग्यासमोर शपथ घेतील. ती पाठ असणे सोपे आहे. मेसमध्ये ताट वाढणाऱ्याशी, बराकीत शेजारच्या खाटेवरच्या मुलाशी तुम्ही कसे वागता, तिथे ती तपासली जाते.

सराव

१. वरच्या तारखा दोन रकान्यांत लिहा. मराठे आणि अमेरिकन एकाच शत्रूशी लढत असूनही दोघांच्या युद्धांचे शेवट वेगळे का झाले? दहा ओळींत लिहा.

२. पेनचा लेख १९ डिसेंबरऐवजी ट्रेंटनच्या विजयानंतर निघाला असता, तर त्याचे काम काय उरले असते?

३. फिलिस व्हीटलीच्या जागी स्वतःला ठेवून जाहीरनाम्याच्या सभेला मराठीत एक पत्र लिहा. एक पान पुरे.

४. आपल्या शाळेचे एखादे ब्रीद किंवा नियम घ्या. तो शब्द कोणाला दिला आहे आणि कोणाच्या वाट्याला अजून आलेला नाही, हे प्रामाणिकपणे लिहा.

पालकांना विनंती : चौथ्या प्रश्नाचे उत्तर मुलांना सांगू नका. फक्त लिहून झाल्यावर शांतपणे वाचा.