दोष टाकळ्याचा नव्हता

गावात अजून म्हणतात, "टाकळा खाल्ला आणि पोरं आजारी पडली." हे मला मुळीच मान्य नाही. इंदापूर-बारामतीकडे पहिला पाऊस झाला की टाकळा बांधाबांधावर उगवतो. फुलं धरायच्या आत कोवळी पानं खुडायची, लसूण आणि भिजवलेली मूगडाळ घालून परतायची. आमच्या सासूबाई आयुष्यभर हेच करत आल्या. ओळखण्यातही गफलत नव्हती. टाकळ्याला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाशी गोलसर, संध्याकाळी मिटणाऱ्या. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कासविंद्याच्या टोकदार, चुरगळल्या की घाण वास येतो. त्याच्या बिया मात्र खरंच विषारी. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावली आहेत.

त्या दिवशी बांधावरच्या टाकळ्याची भाजी खाल्ली आणि रात्री मुलांना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "बांधावर काही फवारलं होतं का?" उजाडताच सामाईक बांधावर गेले. ऊस हिरवागार, हरळी हिरवीगार. पण गाजरगवताचे शेंडे पिळल्यासारखे वाकडे झालेले आणि टाकळ्याचे देठ खाली वळलेले. आदल्या दिवशी खुडताना यातलं काहीच दिसत नव्हतं.

शेजारच्या आण्णांना विचारलं, तर म्हणाले, "टू-फोर-डी मारलंय की काल सकाळी. त्यात काय एवढं?"

"आण्णा, बांध दोघांचा आहे. एक हाक मारायची."

"रानातला पाला खायचाच कशाला?"

मुलं बरी झाली, पण हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून सांगते. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणावर चालतं, ऊस-गवताला काही होत नाही. त्यामुळे हिरव्या बांधावर भरवसा ठेवू नका. आधी गाजरगवताचे शेंडे बघा, वाकलेले दिसले तर तिथून काही खुडू नका. सरळ दिसले तरी फवारणी त्याच दिवसाची असू शकते, तेव्हा शेजाऱ्याला विचाराच. औषध पानात मुरतं, मिठाच्या पाण्याने धुऊन जात नाही. उलट्या झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका. औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो घेऊन दवाखाना गाठा. सगळ्यात बरं म्हणजे हिवाळ्यात टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगांचं बी गोळा करून परसात टाकावं. मी तेच केलंय.

फवारणीच्या दिवशी बांधावर लाल फडकं बांधा, एवढंच आण्णांना सांगितलं होतं. अजून एकदाही बांधलेलं नाही.