डाव सोडण्याचा पगार

प्रश्न : आमच्या शेजारच्या मुलाने नोकरी सोडून चार-पाच वर्षं ऑनलाइन पोकर खेळून घर चालवलं. २०२५ च्या कायद्यानंतर ते बंद पडलं आणि आता तो पुन्हा नोकरी शोधतोय. तरी म्हणतो, ‘काका, तो जुगार नव्हता, शिस्तीचं काम होतं.’ मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, शिस्त कशाशी खातात ते मला ठाऊक आहे. पत्त्यांत कसली आलीय शिस्त? पान पडलं की जिंकायचं, नाही पडलं की हरायचं, एवढंच ना?
— एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा

उत्तर : तुम्ही बँकेतले निघालात हे बरं झालं, माझं निम्मं काम हलकं झालं.

समजा, तुम्ही दोन कर्जं मंजूर केलीत. पहिल्याची कागदपत्रं चोख, उत्पन्न नियमित, तारण भक्कम. दुसऱ्याचं काहीच धड नाही, पण वरून फोन आला म्हणून सही केलीत. पहिल्याच्या कारखान्याला आग लागली आणि कर्ज बुडालं. दुसऱ्याची माळरानाची जमीन अचानक महामार्गात गेली आणि पठ्ठ्याने मुदतीआधी सगळं फेडलं. तपासणीला आलेला माणूस जाणता असेल, तर लाल शेरा कुठल्या फायलीवर मारेल? पैसे परत आले त्या फायलीवर. शेजारचा मुलगा ज्याला शिस्त म्हणतो, तिचा गाभा हाच आहे. निकाल झाकून ठेवायचा आणि निर्णय तपासायचा.

आता प्रत्यक्ष टेबलावर बघा. पोकरच्या सगळ्यांत चालणाऱ्या प्रकारात, टेक्सस होल्डममध्ये, प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मध्ये सगळ्यांचे मिळून पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडले जातात. समजा चार उघडलेत, एक बाकी आहे. तुमचे आणि मधले मिळून चार बदाम झालेत. पाचवा बदाम आला की डाव तुमचा. मध्ये हजार रुपये आहेत, समोरच्याने पाचशे लावले. तुम्ही पाचशे भरायचे की पत्ते टाकायचे?

तुम्हाला न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. हाच प्रसंग ४६ वेळा आला असं धरा. ९ वेळा तुम्ही दीड हजार जिंकाल, म्हणजे १३,५०० रुपये येतील. ३७ वेळा पाचशे जातील, म्हणजे १८,५०० रुपये. एकूण पाच हजारांचा खड्डा, दर वेळी सुमारे १०९ रुपये. (बदाम आल्यावर समोरच्याकडून आणखी काढता येण्यासारखं असेल तर हिशेब बदलतो, पण ते सध्या सोडून देऊ.) तरीही एखाद्या रात्री बदाम येतो, दीड हजार खात्यात पडतात, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपल्याला खेळ कळायला लागला. चुकीच्या निर्णयाला बक्षीस मिळालं की ती चूक सवय होऊन बसते. अॅनी ड्यूक या अमेरिकी खेळाडूने २०१८ मध्ये लिहिलेल्या ‘थिंकिंग इन बेट्स’ या पुस्तकाचा सगळा रोख याच खोडीवर आहे.

म्हणून पोटापाण्यासाठी खेळणारा माणूस बघायला गेलात तर कंटाळाल. सहा जणांच्या टेबलावर तो चारातले तीन डाव सुरुवातीलाच सोडून देतो. पत्ते आले, पाहिले, टाकले. सिनेमातलं ते डोळ्यांत डोळे घालून बघणं वगैरे ऑनलाइन नसतंच. मध्येच अडचणीचा एखादा डाव येतो, त्यावर तो खूण करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड असताना, नोंदी उघडून तपासतो. जिंकलेला डावही तपासतो. या तपासणीला जो बसत नाही, त्याने शिस्तीबद्दल बोलू नये असं माझं मत आहे.

‘पान पडलं की जिंकायचं’ हे तुमचं म्हणणं मात्र एका रात्रीपुरतं पूर्ण खरं आहे. दोन एक्के हातात, समोर दोन राजे, सगळे पैसे मध्ये. याहून चांगली परिस्थिती क्वचितच मिळते, आणि तरी साधारण शंभरात अठरा वेळा राजेच जिंकतात. आणि ही गोष्ट एका रात्रीवर थांबत नाही. चांगला खेळाडू दर शंभर डावांमागे टेबलावरच्या मूळ सक्तीच्या बोलीच्या, म्हणजे ‘बिग ब्लाइंड’च्या, पाचपट कमावतो असं धरू. ती कमाई चांगली मानली जाते. पण त्याच शंभर डावांमधला चढउतार नव्वद पटींच्या आसपास असतो. हे गणित सोडवलं तर दहा हजार डावांनंतरही असा खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता शंभरात एकोणतीसच्या घरात येते. एक लाख डावांनंतर ती चारावर उतरते. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर खऱ्या पत्त्यांनी तासाला तीसेक डाव होतात, तिथे दहा हजार डाव म्हणजे तीनशेहून जास्त तास. ऑनलाइन चार टेबलं एकदम उघडली की तासाला तीनशे. तेहतीस-चौतीस तासांचं काम. म्हणून ऑनलाइनवर पगार निघू शकतो, आणि म्हणूनच भिकेलाही तितक्याच लवकर लागता येतं.

महिनाभर नीट खेळून तोटाच हाती आला तर माणसाचं काय होतं? डोकं सरकतं. खेळणारे याला ‘टिल्ट’ म्हणतात. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला. रागाने यंत्र हलवलं की ते ‘टिल्ट’ दाखवून खेळ बंद पाडायचं. पोकरमध्ये मात्र यंत्र बंद पडत नाही, माणसालाच स्वतःला बंद पाडावं लागतं. त्यासाठीचे नियम सकाळीच कागदावर लिहिलेले असावे लागतात, कारण रात्री दोन वाजता तीन टेबलांवर हरलेला माणूस नियम लिहायला बसला तर स्वतःच्या सोयीचेच लिहिणार. अमुक इतके गेले की लॅपटॉप मिटायचा. त्या रात्री आणखी पैसे भरायचे नाहीत. बदला म्हणून वरच्या बोलीच्या टेबलावर जायचं नाही. पत्त्यांना आठवण नसते, उठल्याने नशीब बदलत नाही. उठायचं ते आपली निर्णयशक्ती घसरलेली असते म्हणून. ती घसरली आहे हे कळण्यासाठी जी शक्ती लागते, नेमकी तीच घसरलेली असते, ही त्यातली गोम.

बरेच जण पडद्यावर रुपयांऐवजी बिग ब्लाइंडच्या पटीत आकडे दिसतील अशी सोय लावून घेत. म्हणजे ‘घरभाडं पणाला लागलंय’ हे डोळ्यांसमोर येत नाही आणि गणित शुद्ध राहतं. मला ही युक्ती पटते आणि तिची भीतीही वाटते. ज्याला थांबायला हवं, त्यालाही घरभाडं दिसेनासं होतंच की.

तुमच्या खात्याचा विषय शेवटी ठेवला आहे, भांडवल. खेळाचे पैसे वेगळे, घरखर्चाचे वेगळे, हे पहिलं. आणि एका टेबलावर भांडवलाचा लहानसाच तुकडा न्यायचा. २००० सालचा विश्वविजेता ख्रिस फर्ग्युसन, संगणकशास्त्रात डॉक्टरेट घेतलेला माणूस, याने २००६ च्या सुमारास एक प्रयोग केला. फुकटच्या स्पर्धांपासून, म्हणजे शून्य डॉलरपासून, दहा हजार डॉलरपर्यंत जायचं. नियम असे की एका टेबलावर पाच टक्क्यांहून जास्त भांडवल न्यायचं नाही, आणि टेबलावरचा ढीग एकूण भांडवलाच्या दहा टक्क्यांवर गेला की उठायचं. भांडवल घटलं की खालच्या, क्षुल्लक बोलीच्या टेबलावर उतरायचं. यातलं उतरणं सगळ्यांत जड जातं. काल हजारांत खेळणाऱ्याने आज दहा-वीस रुपयांत खेळायचं! तो मात्र उतरला, पुन्हा चढला, आणि दहा हजारांवर पोचला.

हा प्रयोग त्याने फुल टिल्ट पोकर या संकेतस्थळावर केला, आणि त्या कंपनीच्या संस्थापकांत तो स्वतः होता. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारने तीन मोठ्या पोकर कंपन्यांवर कारवाई केली, त्यांत फुल टिल्टही होती. पुढे सरकारने कोर्टात मांडलेला हिशेब असा : खेळाडूंचं देणं सुमारे ३९ कोटी डॉलर, बँकेत शिल्लक सुमारे ६ कोटी. खेळाडूंचे पैसे वेगळे ठेवलेलेच नव्हते. त्या दाव्यात संचालक म्हणून फर्ग्युसनचंही नाव आलं. त्याने नंतर चूक कबूल न करता तडजोड केली. टेबलावर पाच टक्क्यांची शिस्त आणि तिजोरीला तळच नाही, हे चित्र बँकवाल्याला मी काय समजावणार?

तेव्हा शेजारच्या मुलाचं म्हणणं खोटं नाही, पण अपुरं आहे. शिस्तीने पैसे निर्माण होत नाहीत, ते दुसऱ्याच्या खिशातून येतात. प्रत्येक डावातून कंपनी आपला ‘रेक’ कापून घेते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंची मिळून बेरीज नेहमी उणेच असते. एकाचं घर चालायला बरीच घरं थोडीथोडी हरावी लागतात. चांगला खेळाडू टेबल निवडताना कच्चे गडी शोधतो आणि त्यालाही शिस्तच म्हणतो. आपल्याकडे त्यावर एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के कर जागीच कापला जाऊ लागला, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. शंभर डावांमागे पाच पटींची कमाई या कात्रीत कितीशी उरते? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

मुलगा खरंच शिस्तीचा होता की नाही हे तुम्हीच ठरवू शकाल. त्याला जिंकलेल्या डावांच्या गोष्टी विचारू नका, त्या सगळ्यांकडे असतात. हरलेला एखादा डाव विचारा आणि तो पुन्हा तसाच खेळशील का, ते विचारा. मग चार-पाच वर्षांच्या नोंदी मागा : किती डाव, किती तास, कर आणि रेक जाऊन हातात काय राहिलं. आणि घरखर्चाचं खातं वेगळं होतं का ते पाहा. पासबुक वाचायला तुम्हाला माझी गरज नाही.