सुईचाही हिशेब

सरकारी कामाचे कंत्राट मिळाले की छोट्या व्यावसायिकाच्या घरी आनंद होतो. पुढे त्याच कामाचा अहवाल भरण्याची वेळ येते तेव्हा मात्र कपाळावर आठ्या पडतात. किती रक्कम मिळाली, किती खर्च झाली, किती लोकांना काम लाभले, हे सारे लिहून द्यावे लागते. अशा वेळी मनात येते की कोट्यवधींचा घोळ करणारे मोकळे फिरतात, मग आपल्या चिमूटभर रकमेचा हिशेब कोण पाहणार आहे? हा विचार प्रामाणिक घरांतही शिरतो. म्हणून या बाबतीत दीनची शिकवण नीट समजून घेतली पाहिजे.

लहान व्यवहार, मोठी जबाबदारी

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत उपासनेविषयी नसून उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे (सूरह अल-बकरा, आयत 282). व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी ताकीद तेथे आहे. असे लिहून ठेवल्याने साक्ष भक्कम होते आणि संशयाला जागा उरत नाही, हे कारणही अल्लाहने त्याच आयतीत सांगितले आहे. म्हणजेच हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे. हिशेब हे दोन्ही पक्षांचे संरक्षण आहे.

सार्वजनिक धनाबाबत तर ही शिकवण अधिक कठोर आहे. 'सहीह मुस्लिम'मध्ये हजरत अदी बिन अमीरा (रजि.) यांच्याकडून एक हदीस आली आहे. ज्याला आम्ही एखाद्या कामावर नेमले आणि ज्याने सुईएवढी किंवा त्याहूनही क्षुल्लक वस्तू लपवली, त्याची ती अफरातफर ठरेल आणि कियामतच्या दिवशी ती घेऊन त्याला हजर व्हावे लागेल, असा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्याचा आशय आहे. हे ऐकून एक अन्सारी सहाबी उभे राहिले आणि आपल्यावर सोपवलेले काम परत घ्यावे अशी त्यांनी विनंती केली. तेव्हाही प्रेषितांनी (स.) आपले म्हणणे सौम्य केले नाही. थोडे असो वा जास्त, सर्व आणून हजर करावे, जे दिले जाईल ते घ्यावे आणि ज्यास मनाई होईल त्यापासून दूर राहावे, असे त्यांनी स्पष्ट केले.

ही हदीस नेमलेल्या अधिकाऱ्यांविषयी आहे. परंतु जनतेचा पैसा ज्याच्या हातून खर्च होतो तो प्रत्येकजण अमानतदार आहे, मग तो अधिकारी असो वा कंत्राटदार.

एका दुकानाचा अहवाल

या तत्त्वाचे मोल एका घटनेवरून कळते. आर्थिक मंदीतून सावरण्यासाठी अमेरिकेने 17 फेब्रुवारी 2009 रोजी एक कायदा केला. त्यावरील खर्चाचा तेव्हाचा अंदाज 787 अब्ज डॉलर होता. या निधीतून काम मिळवणाऱ्यांना दर तिमाही संपल्यावर दहा दिवसांत अहवाल देणे बंधनकारक होते. ते अहवाल संकेतस्थळावर कोणालाही पाहता येत असत. पहिले अहवाल ऑक्टोबर 2009 मध्ये आले.

केंटकी राज्यातील एका बुटांच्या दुकानाने लष्कराच्या अभियंता विभागाला नऊ जोड बूट पुरवले होते. किंमत सुमारे 890 डॉलर. अहवालात मात्र त्यातून नऊ नोकऱ्या लाभल्याची नोंद झाली! रकान्याचा अर्थच नीट समजला नव्हता. इतर काही अहवालांत तर अस्तित्वात नसलेल्या मतदारसंघांची नोंद सापडली. वृत्तपत्रांनी हे उघड केले आणि साऱ्या योजनेच्या आकड्यांविषयी लोकांच्या मनात शंका निर्माण झाली.

त्या दुकानाने चोरी केली नव्हती. तरीही एका चुकीच्या आकड्याने विश्वासाला तडा गेला. नियत स्वच्छ असणे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. त्यासोबत व्यवहाराचे ज्ञानही हवे. ज्याला व्यवहाराविषयीचे दीनचे नियम समजत नाहीत त्याने आमच्या बाजारात विक्री करू नये, अशी हजरत उमर (रजि.) यांची भूमिका होती. तिचे मर्म येथे कळते.

चूक ध्यानात आल्यावर सरकारनेही नियम सोपा केला. किती नोकऱ्या वाचल्या याचा अंदाज बांधण्याऐवजी या निधीतून ज्या कामाचे वेतन दिले गेले त्याचे तास मोजायचे आणि त्यांना पूर्णवेळ कामाच्या तासांनी भागायचे. तिमाहीत पूर्णवेळ काम 520 तासांचे धरले आणि कामगाराने 260 तास काम केले, तर नोंद अर्ध्या नोकरीची होईल. अंदाजाची जागा मोजमापाने घेतली.

आपल्यासाठी बोध

आपल्या वस्तीतही कोणी शाळेचे गणवेश शिवून देतो, कोणी शालेय पोषण आहाराचे काम घेतो, कोणी गटाराच्या कामात पोटकंत्राटदार असतो. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

1. सरकारी कामाची वही घरखर्चाच्या वहीपासून वेगळी ठेवावी आणि नोंद त्याच दिवशी करावी.

2. रकान्याचा अर्थ समजला नाही तर विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, अंदाजाने भरण्यात धोका आहे.

3. हजेरीपटावर न आलेल्या मजुराचे नाव घालणे ही खोटी साक्ष आहे. "सगळेच तसे करतात" हा बचाव आखिरतमध्ये चालणार नाही.

4. चूक लक्षात येताच स्वतःहून दुरुस्ती कळवावी. नकळत झालेली चूक क्षम्य आहे, पण कळल्यावर झाकून ठेवलेली चूक खियानत होते.

5. मुलांना हिशेबाला सोबत बसवावे. हलाल रोजीचा धडा त्यांना प्रवचनापेक्षा त्या वहीतून अधिक मिळेल.

सरकारचा तपासनीस कदाचित आपली वही कधी उघडणारही नाही. परंतु कियामतच्या दिवशी जी वही उघडली जाईल तिच्यात सुईचीही नोंद असेल. अल्लाह आपणा सर्वांना अमानत सांभाळण्याची आणि खरे लिहिण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.