विचारायला लाजू नकोस

चि. सोनूस,


तुला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं सांगताना फोनवर दादाला धड बोलता येत नव्हतं. आपल्या घरात कॉलेजची पायरी चढणारी तू पहिली. मी दहावीवर एएनएमचा नर्सिंग कोर्स करून सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलं, त्या हक्काने लिहिते आहे.

आपल्यासारख्या घरातल्या मुलींना वाटतं, बाकीच्यांना सगळं येतं, आपणच अडाणी. मग त्या गप्प बसतात. तू बसू नकोस.

आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारायला शीक. महाडीबीटी पोर्टलवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज तिथल्या क्लार्कने पुढे पाठवल्याशिवाय हलत नाही. कुठवर आला, याची दर महिन्याला चौकशी कर. उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, बोनाफाईड, गुणपत्रिका यांच्या झेरॉक्स एका फाइलीत ठेव. खातं आधारशी जोडलेलं आहे ना, याची बँकेत जाऊन खात्री कर. हे पैसे पुष्कळदा उशिरा येतात. त्यांच्या भरवशावर मेसचं बिल थकवू नकोस, दादाला आधीच सांग. आणि ‘फुकटात शिकते’ असं कुणी म्हणालं तर मान खाली घालू नकोस. शिष्यवृत्ती हा तुझा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. 1913 साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवरच कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले होते.

वॉर्डात तर न विचारणं पेशंटच्या जिवावर बेततं. इन्सुलिनचंच घे. आपल्याकडे त्याच्या बाटल्या 40 आणि 100 अशा दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिटं. सिरिंजही वेगवेगळ्या, 40 ची लाल टोपणाची, 100 ची नारिंगी. 100 च्या बाटलीतलं औषध 40 च्या सिरिंजने 10 च्या खुणेपर्यंत ओढलंस, तर पेशंटच्या अंगात 10 नाही, 25 युनिटं जातात. साखर झपाट्याने उतरते, माणूस घामाने निथळतो, बेशुद्ध पडतो. केसपेपरवरचं अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाचू नकोस. रात्रपाळीला शंका आली तर सिस्टरला विचार, डॉक्टरला झोपेतून उठव. ओरडतील. ओरडू देत.

इंग्रजीची तू धास्ती घेतलीस, असं वहिनी म्हणाली. पहिल्या वर्षी ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी जड जाईल, हे खरं. अडलेला शब्द त्याच दिवशी मॅडमना विचार, साठवून ठेवू नकोस. पण पेशंटशी बोलताना तू कुणाच्या मागे नाहीस. डॉक्टरांनी ‘समजलं का’ म्हटल्यावर काही न कळताच ‘हो, हो’ म्हणणारी म्हातारी तुला लगेच ओळखू येईल, कारण आपली आजी तशीच होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले की तिच्याजवळ बस. “आजी, ही गोळी कधी घेणार, सांगा बरं मला,” असं तिच्याच बोलीत विचार. तिने चुकीचं सांगितलं तर रागावू नकोस, पुन्हा समजावून सांग. घरी गेल्यावर ती औषध नीट घेईल की नाही, हे त्या दोन मिनिटांवर ठरतं. माझ्या मते चांगल्या नर्सची पारख तिथेच होते.

हजेरी कमी पडू देऊ नकोस, शिष्यवृत्ती तिच्यावरही अवलंबून असते. पुढच्या वर्षी नूतनीकरण सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात अर्ज भर आणि पावतीचा फोटो मला पाठव. कुठे अडलीस तर रात्री-अपरात्री फोन कर.

तुझी,
आत्या