शारजात स्नोड्रॉप फुलेल का?

प्रश्न : बहिणीच्या इंग्लंडमधल्या बागेत स्नोड्रॉप पाहिले आणि वेडच लागलं. शारजातल्या आमच्या बाल्कनीत ते कुंडीत लावता येतील का?
– एक वाचक, शारजा

उत्तर : स्नोड्रॉपच्या कंदाला फुलण्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. शारजात जानेवारीतल्या रात्रीही तेवढी थंडी नसते आणि उन्हाळ्यात तापलेल्या कुंडीत कंद टिकत नाही. त्यामुळे त्यावर खर्च करू नका. त्याच कुळातली पांढरी रेन लिली मात्र जरूर लावा.

ऑक्टोबरमध्ये कंद ३ सेंमी खोल आणि ५-६ सेंमी अंतरावर लावा. कुंडीमिश्रण, कंपोस्ट आणि धुतलेली वाळू समप्रमाणात घ्या. किनाऱ्यावरची वाळू खारट असते, ती टाळा. सकाळचं ऊन द्या, दुपारची सावली. माती वरून सुकली की भरपूर पाणी घाला. महिन्यातून एकदा पाणी तळातून वाहू द्या, म्हणजे साचलेले क्षार निघून जातील. मे ते सप्टेंबर कुंडी सावलीत ठेवा. हिरवी पानं कापू नका. पुढच्या फुलांचं अन्न तीच साठवतात.

कंद विषारी असतात. मुलं आणि मांजरांपासून लांब ठेवा.