पहिल्या घरातला दाणा

मुलांनो, एखाद्या संख्येला तिनेच पुन्हा पुन्हा गुणायचे असेल, तर ते थोडक्यात लिहिता येते. २ × २ × २ × २ × २ असे लांबलचक न लिहिता २ लिहायचा आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बारीकसा ५ काढायचा. खालचा २ हा पाया, वरचा ५ हा घातांक. उर्दूत तुम्ही यालाच असास आणि कुव्वतनुमा म्हणता.

आठवीच्या वर्गात मी याचे नियम फळ्यावर लिहिले. पाया एकच असेल, तर गुणाकारात घातांकांची बेरीज होते, भागाकारात वजाबाकी. घाताचा पुन्हा घात केला, तर घातांकांचा गुणाकार होतो. आणि घातांक शून्य असेल, तर उत्तर १ येते. फक्त पाया शून्य नसावा.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, दोन एकदाही घेतलाच नाही, मग उत्तर शून्य का नाही?"

तास संपत आला होता. मी म्हणालो, "नियमच आहे तसा. पाठ कर." ती खाली बसली, पण तिचा चेहरा काही खुलला नाही. घरी जाताना मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी शतरंजचा पट आणि मूठभर गहू घेऊन वर्गात गेलो. ती जुनी गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्यावर राजा खूश झाला. त्याने बक्षीस मागितले ते असे : पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट. पटावर घरे ६४. राजाला हे मागणे अगदीच क्षुल्लक वाटले.

त्या मुलीलाच मी दाणे मांडायला सांगितले. १, २, ४, ८, १६. "पाचव्या घरापर्यंत किती वेळा दुप्पट केलीस?"

"चार वेळा."

"म्हणून तेथे २ चा चौथा घात. मग पहिल्या घरापर्यंत?"

"एकदाही नाही." ती थांबली, पटाकडे पाहिले आणि हसली. "पण दाणा तर आहे!"

भागाकारही हेच सांगतो. २ च्या पाचव्या घाताला त्यानेच भागले, तर घातांक ५ − ५ = ० होतो आणि ३२ ÷ ३२ = १. अक्षर घेतले तरी तसेच. अ चा पाचवा घात गुणिले अ चा तिसरा घात, भागिले अ चा आठवा घात; ५ + ३ − ८ = ०, म्हणून उत्तर १.

आता सगळे दाणे मोजू. १ + २ = ३, म्हणजे ४ पेक्षा एक कमी. १ + २ + ४ = ७, म्हणजे ८ पेक्षा एक कमी. म्हणून ६४ घरांची बेरीज २ च्या ६४ व्या घातापेक्षा एकाने कमी. थोर विद्वान अल-बिरूनी याने सुमारे इ.स. १००० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात हा हिशेब केला आहे. त्याची युक्ती पाहा. १६ चा वर्ग २५६, त्याचा वर्ग ६५,५३६, त्याचा ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येक वर्गाला घातांक दुप्पट होतो : ४, ८, १६, ३२. आणखी एक वर्ग केला की ६४! त्यातून एक वजा केला की उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. चौसष्ट वेळा दुप्पट करत बसायला नको.

एक चूक मात्र दरवर्षी वहीत दिसते. २ चा तिसरा घात गुणिले २ चा चौथा घात याचे उत्तर मुले ४ चा सातवा घात असे लिहितात. ८ × १६ = १२८, तो २ चा सातवा घात. ४ चा सातवा घात तर १६,३८४ होतो! पाया गुणायचा नसतो. आणि मध्ये अधिकचे चिन्ह असेल, तर हा नियम लावूच नका; ८ + १६ = २४.

तास संपल्यावर ती मुलगी दाणे गोळा करत होती. "सर, पहिल्या घराच्या मागे आणखी एक घर असते तर?"

मी म्हणालो, "पुढे जाताना दुप्पट होते. मागे येताना?"

"निम्मे." तिने एक दाणा उचलून दातांनी दोन तुकडे केले आणि त्यातला एक पटाच्या बाहेर ठेवला.